फ्रेंच गालिचा ओळखायला शिका: नवख्यांसाठी पायरीपायरीने

पॅरिसच्या लूव्र राजवाड्यातलं एक दालन सतराव्या शतकात 400 मीटरहून अधिक लांब होतं. या दालनाची सगळी जमीन गालिच्यांनी झाकायची, असं चौदाव्या लुईच्या दरबारात ठरलं आणि 1668 च्या सुमारास 90 हून अधिक गालिच्यांचा एकच संच विणायला घेतला गेला. प्रत्येक गालिचा दालनाच्या रुंदीइतका, म्हणजे सुमारे 9 मीटर. रंग आणि चौकट एकमेकांशी जुळणारी, मधली चित्रं मात्र बदलती. वीसेक वर्षं माग चालले. मधेच, 1682 मध्ये, राजा दरबारासह व्हर्सायला राहायला गेला आणि तो संच ज्या दालनासाठी विणला त्या दालनात पूर्ण असा कधी अंथरलाच गेला नाही.

फ्रेंच गालिच्यांची ओळख करून घेणाऱ्यांना मी ही गोष्ट सगळ्यात आधी सांगते. कारण हे गालिचे समजून घेण्याची किल्ली तिच्यात आहे. इराणी किंवा तुर्की गालिचा तंबूत, मशिदीत, दिवाणखान्यात, कुठेही अंथरा, तो आपल्या जागी पूर्ण असतो. फ्रेंच गालिचा, निदान त्याच्या ऐन बहराच्या काळातला, एका ठरावीक खोलीसाठी चित्रकाराने काढलेला असतो. छतावर काय आहे, शेकोटी कुठल्या भिंतीला आहे, माणसं कुठून आत येणार, हे सगळं आधी पाहून. म्हणून गालिचा समोर आला की मनात पहिला प्रश्न हा येऊ द्या: हा कुठल्या खोलीसाठी असेल? बाकीच्या पायऱ्या या प्रश्नाचं उत्तर शोधण्यासाठीच आहेत.

सुरुवातीला लागेल तेवढा इतिहास

सतराव्या शतकाच्या सुरुवातीला फ्रान्समधली बडी घराणी पूर्वेकडचे गालिचे मागवत, आणि त्यापायी देशातला पैसा बाहेर जातो हे हेन्री चौथ्या राजाला खुपत होतं. पिएर द्युपाँ नावाच्या विणकराने तुर्की पद्धतीने गाठी मारून लवदार, म्हणजे वर मऊ धागे उभे असलेले, गालिचे विणून दाखवले, तेव्हा राजाने त्याला 1608 च्या सुमारास थेट लूव्रमध्येच काम करायला जागा दिली. द्युपाँचा शागीर्द सिमाँ लूर्दे याने पुढे शायो इथे माग थाटले. शायो तेव्हा पॅरिसच्या वेशीबाहेर होतं. सीन नदीकाठच्या ज्या इमारतीत हे माग लागले तिथे पूर्वी साबणाचा कारखाना होता आणि नंतर अनाथ मुलांचा आश्रम. 1627 मध्ये या दोघांना राजाकडून मक्तेदारी मिळाली, ती या मुलांना विणकाम शिकवण्याच्या अटीवर. साबणाच्या कारखान्याचं नाव गालिच्यांना चिकटलं ते कायमचंच: सावोनरी.

चौदाव्या लुईचा मंत्री कोल्बेर याने 1663 नंतर या कारखान्याची घडी नीट बसवली. आकृत्या राजाचा मुख्य चित्रकार शार्ल ल ब्रँ याच्या देखरेखीखाली तयार होऊ लागल्या. लूव्रच्याच अपोलो दालनासाठी विणलेले 13 गालिचे हे या व्यवस्थेचं पहिलं मोठं काम; सुरुवातीला सांगितलेला प्रचंड संच त्यानंतरचा.

दुसरं नाव लक्षात ठेवायचं ते ओब्युसाँ. मध्य फ्रान्समध्ये क्रूझ नदीकाठचं हे छोटं गाव भिंतीवर टांगायच्या विणलेल्या चित्रांसाठी, म्हणजे टॅपेस्ट्रीसाठी, आधीपासूनच प्रसिद्ध होतं. कोल्बेरने 1665 मध्ये तिथल्या विणकरांना राजमान्यता दिली. पण 1685 मध्ये प्रोटेस्टंटांचं धर्मस्वातंत्र्य काढून घेतलं गेलं, तेव्हा त्या पंथाचे कितीतरी विणकर देश सोडून गेले आणि गाव खचलं. ते पुन्हा उभं राहायला काही दशकं लागली. 1743 मध्ये तिथे गालिच्यांचे माग सुरू झाले. सावोनरीचा माल मुख्यतः राजाकडे आणि राजाकडून भेट म्हणून परदेशी दरबारांकडे जाई. मग सरदार, सावकार, मोठे व्यापारी यांनी काय करायचं? त्यांची गरज ओब्युसाँने भागवली. आधी तिथेही लवदार गालिचे होत, पण अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात सपाट विणीचे गालिचे होऊ लागले आणि आज 'ओब्युसाँ' म्हटलं की जाणकारांच्या डोळ्यांपुढे तेच येतात.

बोव्हे आणि तूर्ने ही नावंही कानावर येतील. बोव्हेत लवदार गालिचे थोडाच काळ झाले. तूर्ने आज बेल्जियममध्ये आहे, पण नेपोलियनच्या काळात तो फ्रान्सचाच भाग होता आणि तिथल्या पिआ लफेव्हरच्या कारखान्याने राजवाड्यांना पुष्कळ गालिचे पुरवले. सुरुवातीला एवढं पुरे.

पायरी पहिली: कोपरा उलटा करा

संग्रहालयात हे करू देणार नाहीत, पण दुकानात, लिलावाआधीच्या प्रदर्शनात किंवा ओळखीच्यांच्या घरी नक्की करा. समोरची बाजू भुलवते. पाठ मात्र गालिचा कसा विणला ते सांगून टाकते.

लवदार असेल तर गाठी दिसतात का ते पाहा. सावोनरीची गाठ तुर्की, म्हणजे ताण्याच्या (मागावर आधी ताणून बसवलेल्या) दोन धाग्यांना सारखा वेढा घेणारी. माग उभा, विणकर समोरच्या बाजूने बसतो आणि आपल्या हातून काय उमटतंय ते त्याला दिसत असतं. लोकरीचा धागा तो एका लोखंडी कांबीवर वेढे घेत घेत गाठवतो. कांबीच्या एका टोकाला पातं असतं. ओळ पुरी झाली की कांब ओढायची. वेढे एका झटक्यात कापले जातात आणि लव मोकळी होते. नंतर वाकड्या कात्रीने लव सारखी करतात आणि आकारांच्या कडांशी ती थोडी खोल कापतात. त्यामुळे पान किंवा फूल जमिनीवरून किंचित उठून आल्यासारखं दिसतं. गालिच्यावरून हात फिरवायला मिळाला तर या कडा बोटांना जाणवतात. आणखी एक खूण ताण्यात असते. चौकटीत आखलेल्या चित्राबरहुकूम विणता यावं म्हणून दर दहावा धागा वेगळ्या रंगाचा घेण्याची पद्धत होती.

चौदाव्या लुईच्या काळातल्या गालिच्यांत एका चौरस इंचाला साधारण 90 गाठी सापडतात. इराणच्या नावाजलेल्या रेशमी गालिच्यांत त्या याच्या कितीतरी पट असतात. यावरून फ्रेंच गालिचा हलका ठरवू नका. नऊ मीटरचं चित्र माणूस उभ्याने, चालता चालता पाहणार असतो. तिथे बारीक गाठींपेक्षा रंगाच्या छटा जास्त काम करतात आणि सावोनरीच्या रंगाऱ्यांचं सारं कसब या छटांमध्ये आहे.

लवच नसेल आणि गालिचा सतरंजीसारखा सपाट असेल, तर तो ओब्युसाँच्या घराण्यातला असण्याची शक्यता आहे. पैठणीचा पदर जवळून पाहिलेल्यांना ही वीण चटकन समजेल. रंगाचा धागा या काठापासून त्या काठापर्यंत जात नाही, आपल्या आकारापुरताच मागे-पुढे फिरतो. फरक पडतो तो दोन रंग जिथे भेटतात तिथे. पैठणीत शेजारचे धागे एकमेकांत अडकवतात. ओब्युसाँत ते बऱ्याचदा आपापल्या कडेवरूनच मागे वळतात, म्हणून उभ्या रेषेवर बारीक फट राहते. ही फट नंतर सुईदोऱ्याने शिवतात. गालिचा उजेडासमोर धरला की जुनी शिवण उसवलेल्या जागी उजेडाच्या रेघा दिसतात. या फटी हा दोष मानू नका. हाताने विणल्याचा तो चांगला पुरावा आहे.

ओब्युसाँचा माग आडवा असतो आणि विणकर उलट्या बाजूने विणतो. ताण्याखाली चित्र ठेवलेलं असतं, तेही आरशातल्यासारखं उलटं. सुलट बाजू पाहायची तर खालून छोटा आरसा धरावा लागतो. महिनोन्‌महिने विणून झाल्यावर ताणा कापून गालिचा मागावरून उतरवतात, तेव्हा तो सगळा सुलटा पहिल्यांदा दिसतो. गावात हा दिवस सोहळ्यासारखा साजरा होतो आणि मला त्यात काही नवल वाटत नाही.

आता नवख्यांची फसगत होते ती ठिकाणं. पाठीला कापड चिकटवलेलं असेल आणि खाली रबरासारखा थर लागत असेल, तर तो गाठींचा गालिचा नव्हे. यंत्राच्या पिस्तुलाने धागे टोचून वर गोंद दिलेला आहे. पाठीवर जाळीदार कापड आणि समोर बारीक फुल्यांचे टाके असतील तर ते भरतकाम आहे. फ्रान्समध्ये असे भरतकामाचे गालिचेही होत आणि त्यांची स्वतःची शान आहे, पण त्यांना ओब्युसाँ म्हणत नाहीत. काठाला झालर असली तर ती नंतर शिवलेली आहे का पाहा. जुन्या फ्रेंच गालिच्यांना बहुधा झालर नसतेच, साधी एकरंगी पट्टी असते किंवा कड आत दुमडलेली असते.

पायरी दुसरी: मध्य शोधा, मग वर पाहा

गालिच्याच्या मध्यावर उभं राहून चहूबाजूंना पाहा. मधे वर्तुळ, लंबगोल किंवा मोठं पदक, त्याभोवती चौकटी, कोपऱ्यांत वेगळी चित्रं, शेवटी काठ: ही मांडणी बहुतेक ठिकाणी सापडेल. अशी मांडणी आणखी कुठे दिसते? छतावर. फ्रेंच राजवाड्यांच्या छतावर गिलाव्याच्या चौकटी आणि मधे चित्र असतं, आणि कितीतरी गालिचे त्याच चौकटींना जमिनीवरून उत्तर देतात. नेपोलियनच्या काळात पेर्सिए आणि फाँतेन या दोघा वास्तुकारांनी तर खोलीच एकसंध आखली: छत, भिंत, खुर्ची, पडदा, गालिचा, सगळं एकाच हातचं.

मधलं पदक जर मध्यावर नसेल, किंवा एका बाजूचा काठ दुसरीकडच्याहून अरुंद असेल, तर दोन शक्यता. एक तर मूळ खोलीत त्या बाजूला शेकोटीचा ओटा पुढे आलेला होता आणि गालिचा त्याला वळसा घालण्यासाठीच तसा विणला. नाहीतर नंतरच्या मालकाने आपल्या खोलीत बसावा म्हणून तो कापला. काठाची नक्षी कोपऱ्यात सुरेख वळत असेल तर पहिलं, मधेच तुटत असेल तर दुसरं.

पायरी तिसरी: जमिनीचा रंग

जमीन म्हणजे इथे नक्षीमागचा रंग. काळा किंवा गडद तपकिरी असेल तर सतराव्या शतकाकडे बघा. पिवळसर, दुधी, फिका गुलाबी असेल तर अठराव्याकडे. गडद लाल, गर्द हिरवा आणि सोनेरी एकत्र आले तर एकोणिसाव्याच्या सुरुवातीकडे. हा ढोबळ हिशेब आहे, आणि जुन्या नक्षीची नक्कल करणाऱ्यांनाही तो ठाऊक असतो, तेव्हा त्यावर एकट्यावर विसंबू नका. पण पहिला अंदाज बांधायला तो फार उपयोगी पडतो.

एक बारकावा मात्र नक्कल करणाऱ्याला सहज साधत नाही. काळा आणि गडद तपकिरी रंग पक्का करायला पूर्वी लोहाचे क्षार वापरत आणि त्यांनी लोकर हळूहळू कुरतडली जाते. त्यामुळे खऱ्या जुन्या गालिच्यात काळी जागा अनेकदा जास्त झिजलेली, किंचित खाली बसलेली असते आणि शेजारची पिवळी-निळी फुलं उंच राहतात.

पायरी चौथी: चिन्हांवरून राजवट ओळखा

इथे घाई करू नका. माझ्या मते या अभ्यासातला सगळ्यात रसाळ भाग हाच. फ्रेंच गालिच्यावर सत्ता स्वतःची सही करते आणि राजवट बदलली की सही बदलते.

तेराव्या लुईचा काळ, म्हणजे द्युपाँ-लूर्दे यांची पहिली पिढी: गडद जमिनीवर दाटीवाटीने फुलं. ट्यूलिप, गुलाब, फुलांच्या परड्या. पूर्वेकडच्या गालिच्याची दाटी इथे अजून शाबूत आहे, पण फुलं युरोपातल्या बागेतली आणि छाया-प्रकाश दाखवून रंगवल्यासारखी.

चौदावा लुई: सगळं भव्य होतं. अकँथस नावाच्या झाडाची जाड, वळणदार पानं साऱ्या गालिच्यावर लाटांसारखी पसरतात. हे पान ग्रीक खांबांच्या माथ्यावरून आलं आहे. मधे सूर्य, पृथ्वीचा गोल, मुकुट, लिलीची तीन पाकळ्यांची राजचिन्हं किंवा एकमेकांत गुंफलेली दोन एल अक्षरं, म्हणजे लुईचं आद्याक्षर. दोन्ही टोकांना निसर्गदृश्य, नाहीतर दगडात कोरल्यासारखं भासणारं एकरंगी चित्र. लोकरीने दगडाचा आभास निर्माण करायचा! चालणाऱ्याने पायाखाली सूर्य पाहावा आणि राजा आठवावा, एवढा थेट हेतू. या काळातला गालिचा मला अजूनही थोडा धाक घालतो. पण त्याच्या पानांची वळणं नजरेने सावकाश गिरवत गेलं की ल ब्रँच्या हाताखालच्या मंडळींची रेषेवरची हुकमत कळते.

पंधरावा लुई: रेषा सैल होते. शंखशिंपले, वळसे घेणाऱ्या कमानी, वटवाघळाच्या पंखांसारखे पसरलेले आकार, फुलांच्या माळा. जमीन उजळते. या काळातलं लक्षात ठेवायचं नाव पिएर-जोस पेरो. त्याच्या आकृत्या इतक्या आवडल्या, की त्या पुन्हापुन्हा विणल्या गेल्या. पहिल्यांदा निवांत बसून पाहायला मी पेरोचाच गालिचा सुचवेन, कारण त्यात भव्यता आणि खेळकरपणा दोन्ही आहेत आणि नवख्या नजरेला त्यात शिरणं सोपं जातं.

सोळावा लुई: रेषा पुन्हा सरळ. नाजूक फुलमाळा, फितीच्या गाठी, टोपल्या, गोल पदकं, फिके रंग. सपाट ओब्युसाँची भरभराट याच सुमाराला.

मग 1789 ची क्रांती. राजचिन्हं असलेले गालिचे आता डोळ्यांत सलू लागले. काहींवरची लिलीची फुलं, मुकुट कापून काढले गेले. पैशांची चणचण असलेल्या नव्या सरकारने काही गालिचे आपल्याला कर्ज दिलेल्यांना आणि सैन्याला माल पुरवणाऱ्यांना देऊन टाकले. राजाचे गालिचे आज न्यूयॉर्क, लॉस एंजेलिस आणि इंग्लंडमध्ये सापडतात, त्याची सुरुवात इथून होते.

नेपोलियन: रोमन सम्राटाचा आव. गरुड, लॉरेलच्या पानांचं कडं, ताऱ्याच्या आकाराची सन्मानपदकं, एन हे अक्षर, आणि मधमाशी. या मधमाशीमागची कथा सुंदर आहे. 1653 मध्ये तूर्ने इथे शिल्डेरिक या पाचव्या शतकातल्या फ्रँक राजाची कबर सापडली, तिच्यात सोन्याच्या मधमाश्या होत्या. जुन्या राजांची लिली नेपोलियनला चालणार नव्हती. त्याने त्यांच्याही आधीच्या राजाचं चिन्ह उचललं. गालिच्यावर हंस दिसला तर जोसेफिन सम्राज्ञीचा विचार मनात येऊ द्या, कारण तिचं ते आवडतं चिन्ह. मांडणी कडक भौमितिक, रंग ठाम. क्रांतीत मोडकळीला आलेल्या मागांना या मागणीने पुन्हा काम मिळालं, हेही विसरू नये.

राजे परत आले तशी लिलीही परतली. दहाव्या शार्लने 1825 मध्ये पॅरिसच्या नोत्र-दाम चर्चच्या गाभाऱ्यापुढच्या भागासाठी जो गालिचा विणायला सांगितला तो 1833 मध्ये पुरा झाला. तोवर शार्लचं राज्य गेलं होतं आणि 1841 मध्ये त्याच्यानंतरचा राजा लुई-फिलिप याने तो चर्चला दिला. लांबी सुमारे 25 मीटर, क्षेत्रफळ जवळजवळ 200 चौरस मीटर. 2019 च्या आगीच्या वेळी तो गुंडाळून ठेवलेला होता. पाण्याने भिजला, पण वाचला. याच सुमारास, 1826 च्या आसपास, सावोनरीचे माग शायोहून पॅरिसमधल्याच गोबलँ या सरकारी टॅपेस्ट्री कारखान्याच्या आवारात हलवले गेले. आजही ते तिथे आहेत.

तिसरा नेपोलियन: मोठमोठे गुलाब, भरगच्च गुच्छ, आधीच्या सगळ्या शैलींची सरमिसळ. 1856 नंतर कृत्रिम रंग आले, त्यामुळे गुलाबी-जांभळ्याचा झगझगीतपणा वाढला. यंत्रमाग आणि नक्षी आपोआप विणवणाऱ्या जाकारच्या छिद्रांच्या पत्त्यांमुळे मध्यमवर्गाच्या घरातही गालिचा पोचला. बाजारात 'जुना ओब्युसाँ' म्हणून जे येतं त्यातलं पुष्कळसं याच काळातलं असतं. मला या गुलाबांची दाटी फारशी भावत नाही, पण विणकराचा हात त्यातही तितकाच पक्का आहे.

विसाव्या शतकात राजचिन्हं गेली आणि चित्रकाराची सही आली. 1920 च्या दशकात पॅरिसमध्ये आयलीन ग्रे आणि एव्हलिन वाइल्ड यांनी हातमागाचे गालिचे केले, मारी कुटोली यांनी पिकासो, लेजे यांच्यासारख्या चित्रकारांच्या कल्पना गालिच्यात उतरवून घेतल्या, आणि इव्हान द सिल्व्हा ब्रून्स याने उत्तर आफ्रिकेतल्या बर्बर विणीवरून शिकत भौमितिक आकारांची एक संयत, खोल भाषा घडवली. त्याच्या गालिच्यांवर कोपऱ्यात विणलेली सही सापडते.

मराठी वाचकाने इथे थोडं थांबावं. इंदूरचे महाराज यशवंतराव होळकर (दुसरे) यांनी 1930 च्या सुमारास माणिकबाग राजवाडा सजवायला घेतला, तेव्हा बर्लिनचे तरुण वास्तुकार एकार्ट मुथेसियस यांच्याकडे काम सोपवलं आणि गालिचे द सिल्व्हा ब्रून्सकडून करून घेतले. खोलीसाठी गालिचा काढायचा, ही लुईंच्या काळातली रीत अशी होळकरांच्या घरात आली, तीही मुकुट, सूर्य, गरुड यांतलं काहीही अंगावर न घेता. 1980 मध्ये माणिकबागेतल्या सामानाचा मोनॅकोत लिलाव झाला आणि ते जगभर विखुरलं. 2019 मध्ये पॅरिसच्या सजावट-कला संग्रहालयाने या महाराजांवर मोठं प्रदर्शन भरवलं. आपल्याकडे या संग्रहाबद्दल फार कमी बोललं जातं, याची मला खंत वाटते.

पायरी पाचवी: झीज आणि दुरुस्ती वाचा

पाठ आणि समोरची बाजू यांच्या रंगाची तुलना करा. समोर सगळं मवाळ, धुरकट आणि पाठीला झणझणीत रंग असेल तर उन्हाने आपलं काम केलेलं आहे. आपण ज्याला 'फ्रेंच फिके रंग' म्हणून वाखाणतो त्यातले काही मुळात तसे नव्हतेच. राजचिन्हाच्या जागी नक्षीशी न जुळणारा तुकडा, थोडी वेगळी लोकर, गाठींची बदललेली ओळ दिसली तर क्रांतीनंतरची दुरुस्ती आठवा. चांगली, जुनी, प्रामाणिक दुरुस्ती गालिच्याची किंमत संपवत नाही. रंग फासून लपवलेली झीज मात्र संशयास्पद; ओलसर पांढरा रुमाल कोपऱ्यात हलकेच टेकवा, रंग उतरला तर लांब राहा.

पायरी सहावी: विकत घेताना

'ओब्युसाँ' या एका शब्दाने भारावून जाऊ नका. दुकानात तो तीन अर्थांनी वापरतात: फ्रान्समधल्या त्या गावात विणलेला, तशा सपाट विणीचा, किंवा नुसती तशी फुलं असलेला. विक्रेत्याला सरळ विचारा: कुठे विणला, केव्हा, गाठींचा की सपाट, ताणा कशाचा. उत्तरं पावतीवर लिहून घ्या.

उत्तर प्रदेशातल्या भदोही-मिर्झापूरच्या पट्ट्यात सावोनरी आणि ओब्युसाँच्या आकृत्यांवर आज उत्तम हातमागाचे गालिचे होतात. चीनमध्येही होतात. नवशिक्याने पहिला गालिचा हाच घ्यावा, असं माझं स्पष्ट मत आहे. तो भारतात विणलेला म्हणूनच विकला जात असेल तर त्यात कमीपणा कसला? इथे ताणा बहुधा सुती असतो, जुन्या सावोनरीत तो लोकरीचा असे. ओळखायला ही खूण पुरते. जुना, किमती नमुना घ्यायचा झाला तर तो कापडांची पारख असलेल्या तज्ज्ञाला दाखवल्याशिवाय आणि कागदपत्रं पाहिल्याशिवाय घेऊ नये.

आकार निवडताना आधी खोली मोजा. मधलं पदक टेबलाखाली अर्धं झाकलं जाणार असेल तर तो गालिचा त्या खोलीचा नाही.

पायरी सातवी: घरात आणल्यावर

सपाट ओब्युसाँ नाजूक असतो. जिन्याजवळ, दाराच्या वाटेवर किंवा चाकांच्या खुर्चीखाली अंथरू नका. खाली जाड नमद्याचा थर हवा. व्हॅक्यूमची फिरती कुंची त्यावर चालवू नका, शिवलेल्या फटी उसवतात. ओढ हलकी ठेवून नुसत्या नळीने धूळ काढा. लवदार गालिचा जास्त सोसतो, त्याला लवेच्या दिशेने साफ करा. दर काही महिन्यांनी दिशा बदला म्हणजे ऊन आणि पावलं एकाच जागी पडणार नाहीत.

मुंबई-कोकणाकडे, गोव्यात पावसाळा हा मोठा शत्रू. दमट हवेत बुरशी येते आणि लोकरीला कसर लागते, विशेषतः सोफ्याखालच्या, न हलवलेल्या भागाला. पावसाळ्याआधी आणि नंतर गालिचा उचलून दोन्ही बाजू पाहा. ठेवून द्यायचा असेल तर घडी कधीच घालू नका. रुंद नळीवर, लव बाहेरच्या बाजूला ठेवून गुंडाळा, मधे स्वच्छ धुतलेलं सुती कापड घाला आणि वरूनही कापडच गुंडाळा. प्लास्टिकमध्ये कोंडलं तर ओल आतच राहते.

पायरी आठवी: कुठे पाहाल

पॅरिसला जाणाऱ्यांनी लूव्रमधली सजावट-कलेची दालनं पाहावीत आणि शक्य असेल तर गोबलँच्या आवाराची भेट आधी ठरवावी. तिथे सावोनरीचे माग आजही समकालीन कलावंतांच्या आकृत्या विणतात. दक्षिणेत लोदेव्ह गावी याच कारखान्याची शाखा आहे. अल्जीरियाच्या युद्धानंतर फ्रान्समध्ये आलेल्या हार्की (युद्धात फ्रान्सच्या बाजूने लढलेल्या अल्जीरियन) कुटुंबांतल्या, गालिचे विणणाऱ्या स्त्रियांसाठी ती 1960 च्या दशकात सुरू झाली. ओब्युसाँला 2016 पासून टॅपेस्ट्रीचं मोठं केंद्र आहे. तिथल्या टॅपेस्ट्रीला युनेस्कोने 2009 मध्ये अमूर्त वारशाच्या यादीत घेतलं. नेपोलियनच्या काळासाठी फाँतेनब्लोचा राजवाडा.

लंडनकडच्या मराठी मंडळींना वॉडेस्डन मॅनर हा वाडा एका दिवसात करता येईल. रॉथशील्ड घराण्याने जमवलेले सावोनरी गालिचे तिथे आहेत, तेही खोल्यांमध्ये अंथरलेले. न्यूयॉर्कला मेट्रोपॉलिटन आणि लॉस एंजेलिसला गेटी ही संग्रहालयं चौदाव्या-पंधराव्या लुईच्या काळासाठी चांगली. गालिचे उजेडाने खराब होतात म्हणून काही वेळा उचलून ठेवलेले असतात. निघण्याआधी संग्रहालयाच्या संकेतस्थळावर तपासा.

प्रवास शक्य नसेल तर मेट्रोपॉलिटन आणि फ्रान्सच्या मोबिलिए नासिओनाल या सरकारी सामान सांभाळणाऱ्या संस्थेचे संग्रह घरबसल्या पाहता येतात. चौदाव्या लुईचा एक, पेरोचा एक आणि नेपोलियनच्या काळातला एक असे तीन गालिचे निवडा. खाली लिहिलेली माहिती झाका, आधी जमिनीचा रंग आणि चिन्हं पाहून काळ वहीत लिहा, मग झाकलेली माहिती उघडून ताडून पाहा.